डेल एम४८००चं ग्राफिक्स कार्ड बदलावं की मशीनच बदलावं?

नौपाडा_नकाशे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मशीन: डेल प्रिसिजन एम४८००, आय७-४८१०एमक्यू, १६ जीबी रॅम, क्वाड्रो के११००एम २ जीबी, साटा एसएसडी, विंडोज १०.
काम: ऑटोकॅड, स्केचअप आणि शेवटी इंटिरियरचे चार-सहा व्ह्यू ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमधून रेंडर करणं, म्हणजे मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र काढणं.

ऑटोकॅडबद्दल तक्रार नाही. ब्लेंडरमध्ये मात्र सोफा, पडदे आणि दोन कुंड्या टाकल्या की जीपीयूची मेमरी संपल्याचा मेसेज येतो आणि रेंडर सीपीयूवर ढकलावा लागतो. इथल्या दोन दुकानांत विचारलं. एक म्हणतो, लॅपटॉपचं कार्ड बदलताच येत नाही. दुसरा म्हणतो, "आणून द्या, कुठलंही बसवतो." बजेट दहा हजार. खरं काय?

कोपरखैरणेकर

मला त्या दुसऱ्या दुकानदाराचा आत्मविश्वास हवाय. बाकी चालू द्या, चहा घेऊन बसलोय.

तांब्याची_पट्टी

दोघेही अर्धे बरोबर आहेत. बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे पहिला बरोबर. एम४८००मध्ये कार्ड वेगळं आहे, एमएक्सएम (लॅपटॉपच्या सुट्या ग्राफिक्स कार्डांचा ठरलेला आकार) खाचेत तिरकं घालून दोन स्क्रूंनी आवळलेलं. ते निघतं. पण "कुठलंही" बसत नाही.

एमएक्सएम ३.० मध्ये दोन मापं आहेत. टाइप ए ८२ × ७० मिमी, साधारण ५५ वॅटपर्यंत. टाइप बी ८२ × १०५ मिमी, १०० वॅट आणि वर. तुमच्या १५ इंची मशीनमध्ये टाइप ए. १७ इंची एम६८००मध्ये टाइप बी. म्हणजे के४१००एम, के५१००एम, एम४०००एम, पी४००० वगैरे स्वस्तात दिसली तरी तुमच्या उपयोगाची नाहीत. खाच तीच असली तरी कार्ड लांबीला मावणार नाही.

टाइप ए मापातल्या तुमच्या कामाच्या गोष्टी (केप्लर आणि मॅक्सवेल या एनव्हिडियाच्या चिपांच्या पिढ्या, मॅक्सवेल नंतरची):
के११००एम (आत्ताचं): केप्लर, ३८४ कोअर, २ जीबी, ४५ वॅट.
के२१००एम: केप्लर, ५७६ कोअर, २ जीबी, ५५ वॅट. मेमरी तेवढीच, म्हणजे तुमचा आजार तसाच. घेऊ नका.
एम१०००एम: मॅक्सवेल, ५१२ कोअर, २ किंवा ४ जीबी, ४० वॅट. घेतलंत तर ४ जीबीचंच घ्या.
एम२०००एम: मॅक्सवेल, ६४० कोअर, ४ जीबी, ५५ वॅट.
एम२२००: मॅक्सवेलचीच पुढची चिप, १०२४ कोअर, ४ जीबी, ५५ वॅट.

माझं मत एम२०००एमला. कागदावर के११००एमच्या अडीच पट ताकद, वॅट फक्त दहा जास्त, आणि या मॉडेलमध्ये लोकांनी बसवून चालवलेलं कार्ड आहे.

खाडीवारा

कशाला या भानगडीत पडायचं? चौथ्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. दहा हजार या म्हाताऱ्यावर घालवण्यापेक्षा त्यात भर घालून एखादा सेकंडहँड डेस्कटॉप आणि ६-८ जीबीचं कार्ड घ्यावं. रेंडर डेस्कटॉपवर टाकायचा, लॅपटॉप साइटवर न्यायचा.

मुक्ता_नेरूळ

खाडीवारा, मुद्दा रास्त आहे, पण धागाकर्त्याला जागा आणि वीज दोन्ही मोजायची असतील. आधी निदान करू.

कार्ड घेण्याआधी एवढं करा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये क्वाड्रोवर क्लिक करा आणि रेंडर चालू असताना "डेडिकेटेड जीपीयू मेमरी" बघा. २ जीबीला टेकून "शेअर्ड" वाढत असेल तर मेमरीचा प्रश्न. तिथे १.२ जीबीवरच असेल आणि तरी हळू असेल तर प्रश्न वेगळा.

दुसरं, फुकटचे उपाय आधी. टेक्स्चर ४के वरून १के करा. कुशनच्या कापडाला ४के कोणी बघत नाही. ४०९६ × ४०९६चं एक साधं रंगीत टेक्स्चर मेमरीत ६४ एमबी घेतं, १०२४चं फक्त ४ एमबी. एका सोफ्याला रंग, खडबडीतपणा, नॉर्मल असे तीन-चार नकाशे असतात, म्हणजे एकट्या सोफ्याचे अडीचशे एमबी. कुंडीतली पानं कॉपी करताना शिफ्ट-डी नाही, ऑल्ट-डी दाबा, म्हणजे आकाराची जाळी (मेश) एकदाच साठते. सीनमधला सिम्प्लिफाय पर्याय चालू करून सबडिव्हिजनवर मर्यादा घाला. एवढ्यावर भागलं तर दहा हजार वाचले.

कळवा_ते_कर्जत

रेविट (इमारतींच्या ३डी आराखड्यांचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी या धाग्यावरून स्फूर्ती घेऊ नये. रेविटचा बराचसा भार प्रोसेसरच्या एका कोअरवर आणि रॅमवर असतो. एम४८००मध्ये रॅमच्या चार खाचा आहेत, डीडीआर३एल १६००, एकूण ३२ जीबीपर्यंत. तिथे पैसा आधी रॅमवर.

तांब्याची_पट्टी

मुक्ताताईंशी सहमत, पण मेमरीखेरीज आणखी एक कारण आहे. के११००एमची कंप्यूट क्षमता, म्हणजे चिपच्या पिढीचा एनव्हिडियाने दिलेला क्रमांक, ३.०. कुडा (एनव्हिडियाची जीपीयूवर गणितं करायची प्रणाली) ११ पासून ३.० वगळलं, कुडा १२ पासून केप्लर पूर्णच. म्हणजे नवी सॉफ्टवेअरं या कार्डाकडे बघणारही नाहीत. मॅक्सवेलची क्षमता ५.० पासून सुरू होते. त्याचंही आयुष्य अमर नाही, ५८० ही मॅक्सवेल-पास्कलसाठी शेवटची ड्रायव्हर मालिका आणि कुडा १३ने दोन्ही सोडली. पण आज ब्लेंडर चालवायला पुरतं.

सखाराम_सोल्डरवाला

मी लेनोवो डब्ल्यू५४० वापरणाऱ्यांतर्फे विचारतो. आमचं काय?

तांब्याची_पट्टी

सखाराम, डब्ल्यू५३०, डब्ल्यू५४०, डब्ल्यू५४१ आणि पुढचा पी५० यांत चिप बोर्डवर सोल्डर केलेली आहे. आयडीच्या नावाला जागा. पी७०मध्ये एमएक्सएम आहे.

एचपीत ८५७०डब्ल्यू टाइप ए आणि ८७७०डब्ल्यू टाइप बी. झेडबुकच्या तिसऱ्या पिढीपासून एचपीने कार्डाचा आकारच स्वतःचा केला. डेलनेही ७५३०-७७३०पासून स्वतःचा आकार आणला. म्हणून ऑनलाइन घेताना "एमएक्सएम" या शब्दावर जाऊ नका. विक्रेत्याकडून कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो मागवा, कडेला मोजपट्टी ठेवून.

ऐरोली_नाइटशिफ्ट

एक्सप्रेसकार्डची खाच आहे ना एम४८००ला? तिथून अडॅप्टर लावून डेस्कटॉपचं कार्ड बाहेर जोडता येतं. कोणी सांगितलं नाही अजून.

मुक्ता_नेरूळ

येतं. पण ती खाच पीसीआय एक्सप्रेसची एकच लेन आहे, दुसऱ्या पिढीची. कागदावर सेकंदाला ५०० एमबी. गेम तिथे रडतात. ब्लेंडरच्या रेंडरला मात्र ते तितकं नडत नाही, कारण सीन एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की पुढचं काम तिथेच होतं. चढवायला वेळ लागतो एवढंच. पण मग टेबलावर डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय, उघडं कार्ड, लोंबणारी केबल. घरात मांजर असेल तर विचार करा. आणि एवढं सगळं टेबलावर मांडायचं तर खाडीवारांचा डेस्कटॉप काय वाईट?

खाडीवारा

धन्यवाद. कोणीतरी ऐकलं.

कोपरखैरणेकर

मांजर गरम कार्डावरच बसणार. पावसाळ्यात तर नक्कीच.

नौपाडा_नकाशे

मोजलं. रेंडरच्या वेळी डेडिकेटेड १.९, शेअर्ड चढत जातं. टेक्स्चर १के केल्यावर एक बेडरूमचा सीन बसला, हॉल-किचन एकत्र असलेला नाही बसला. डेस्कटॉपला जागा नाही. तर एम२०००एम पक्कं धरून चालतो. बसवायचं कसं आणि काय चुकतं ते सविस्तर सांगाल का? अडॅप्टर कोणता हवा तेही.

तांब्याची_पट्टी

सविस्तर लिहितो. आधी कार्ड येण्यापूर्वीची कामं.

अडॅप्टर: खालचा छाप वाचा. १९.५ व्होल्ट, ९.२३ अँपिअर असेल तर १८० वॅट, तोच हवा. रिफर्बिश्ड मशीनबरोबर बरेचदा १३० वॅटचा टेकवतात. त्यावर मशीन चालू होतं, पण भार आला की प्रोसेसर मान टाकतो आणि माणूस कार्डाला शिव्या देतो. चालू करताना "अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही" अशा अर्थाचा मेसेज आला तर पिनच्या मधली बारीक सुई किंवा केबल गेलेली असते.

बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर): शेवटच्या आवृत्तीवर न्या, जुनं कार्ड असतानाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर आधी सस्पेंड करा, नाहीतर ४८ अंकी रिकव्हरी की शोधत बसाल. मग बायोसमध्ये स्विचेबल ग्राफिक्स, म्हणजे ऑप्टिमस, चालू ठेवा. बूट मोड युईएफआय. हे फार महत्त्वाचं. ऑप्टिमस चालू असलं की लॅपटॉपची स्क्रीन इंटेलच्या एचडी ४६००वर चालते, नवं कार्ड फक्त कष्टाला. बंद असलं की स्क्रीन थेट नव्या कार्डाने उजळायला हवी, आणि दुसऱ्या मॉडेलसाठी बनलेल्या कार्डाला तुमचा पॅनेल ओळखता आला नाही तर अंधार.

सामान: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्ट, ०.५ आणि १ मिमी थर्मल पॅड, फिलिप्सचे चांगले स्क्रूड्रायव्हर, आणि झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड. डेल आपलं सर्व्हिस मॅन्युअल फुकट देतं, त्यातला क्रम समोर उघडा ठेवा. क्रम मी इथे लिहीत नाही, चित्रं बघून केलेलं बरं.

आता उघडताना. अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरा. हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या तांब्याच्या भागाच्या) स्क्रूंशेजारी १-२-३-४ असे आकडे असतात. सैल करताना उलट क्रमाने, आवळताना सुलट, आणि एकदम नाही, पाव-पाव फेरा. एकच कोपरा आधी आवळलात तर डायचा, म्हणजे चिपच्या सिलिकॉन तुकड्याचा, कोपरा उडतो. काचेसारखा ठिसूळ आणि उघडा असतो तो, वर झाकण नाही.

जुनं कार्ड काढल्यावर लगेच पुढे जाऊ नका, नीट बघा: हीटसिंकच्या तांब्यावर पॅडचे ठसे कुठे आहेत? के११००एमच्या मेमरी चिपा आणि एम२०००एमच्या मेमरी चिपा एकाच जागी नसतात. डायही मोठा, ११८ चौरस मिमीऐवजी १४८. नवं कार्ड हीटसिंकवर उलटं ठेवून ताडून पाहा. कुठली चिप तांब्याखाली येते, कुठली हवेत राहते, एखादा उंच कपॅसिटर धातूला टेकतो का. टेकत असेल तर तिथेच थांबा. कार्डामागचा एक्सच्या आकाराचा ब्रॅकेटही पाहा. स्क्रूची भोकं त्यातच असतात आणि कार्डाबरोबर तो येईलच असं नाही. जुन्याचा सांभाळून उचकटून वापरावा लागतो.

सखाराम_सोल्डरवाला

पट्टीसाहेब, वाखू (वाचनखूण) साठवली. एक भर घालतो. पहिल्यांदा पेस्ट थोडीच लावून हीटसिंक आवळा, परत काढा आणि ठसा बघा. डायवर पूर्ण चौकोन उमटला तर उत्तम. मधेच कोरडा भाग राहिला तर कुठला तरी पॅड जाड झालाय आणि त्याने हीटसिंक उचलून धरलाय. १ मिमीच्या जागी १.५चा पॅड "जास्त चांगला" म्हणून लावणारे बरेच. मेमरी थंड, डाय भाजका. पॅड मऊ हवा, दाबल्यावर चतुर्थांश तरी बसला पाहिजे.

आणि ठसा बघून झाला की ती पेस्ट पुसून नवी लावा. त्याच पेस्टवर पुन्हा दाबलंत तर आत हवेचे फुगे राहतात.

ऐरोली_नाइटशिफ्ट

कार्ड घ्यायचं कुठून? लॅमिंग्टन रोड?

कळवा_ते_कर्जत

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातलात तर डेस्कटॉपची कार्डं ढिगाने मिळतील. एमएक्सएमसाठी मात्र लॅपटॉपचे जुने बोर्ड मोडणारे शोधा. डेलचा प्रिसिजन ७५१० मोडणाऱ्याकडे एम२०००एम सुटं निघतं. बाहेरून मागवलंत तर कस्टम्स आणि परत पाठवण्याचा खर्च आधीच बजेटमध्ये धरा.

सखाराम_सोल्डरवाला

घेताना बघायच्या खुणा: डायच्या आसपास चिकट, पिवळसर फ्लक्स, काळवंडलेला पीसीबी, चिपच्या कडेचा गोंद तुटलेला. हे भाजलेलं कार्ड. हॉट एअरने चिप तापवून तात्पुरतं जिवंत केलेलं. आठवडे चालेल, मग जाईल. शक्य असेल तर दुकानातच चालवून घ्या. जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) नावाआधी "फेक" लिहून आलं तर जुन्या चिपवर नवं नाव चढवलंय. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) पंधरा मिनिटं. रंगीत ठिपके, चौकोन, स्क्रीन काळी होणं, काहीही दिसलं तर नमस्कार करून बाहेर.

कोपरखैरणेकर

दुकानात पंधरा मिनिटं फरमार्क? लॅमिंग्टन रोडवर पंधरा मिनिटं उभं राहू देतात हेच खूप.

मुक्ता_नेरूळ

ड्रायव्हरबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि नव्वद टक्के लोक तिथेच अडकतात.

लॅपटॉपमध्ये कार्डाचा सबसिस्टिम आयडी मशीनची बायोस देते. डिव्हाइस मॅनेजर, डिटेल्स टॅब, हार्डवेअर आयडी. तिथे व्हेंडर १०डीई म्हणजे एनव्हिडिया, डिव्हाइस १३बी० म्हणजे एम२०००एम, आणि सबसिसचे शेवटचे चार अंक १०२८ म्हणजे डेल (एचपी असेल तर १०३सी). एम४८००मध्ये एम२०००एम कंपनीने कधी दिलंच नाही, त्यामुळे ड्रायव्हरच्या यादीत ही जोडी नाही. इन्स्टॉलर म्हणतो, सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही. कार्ड खराब नाही, यादी अपुरी आहे.

उपाय: ड्रायव्हरची फाइल सेव्हन-झिपने उघडा. डिस्प्ले.ड्रायव्हर फोल्डरमध्ये डेलसाठीची आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कुठल्या कार्डांना चालतो ती यादी) असते, एनव्हीडीएमआय नावाची. नोटपॅडमध्ये १३बी० शोधा. ती ओळ कॉपी करून सबसिसच्या जागी आपला आयडी घाला. विंडोज १०च्या ज्या ज्या विभागात ती ओळ आहे तिथे तिथे. खाली स्ट्रिंग्जमध्ये त्याच नावाची ओळ हवी. सेव्ह. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, ७ दाबा. याने त्या एका बूटपुरती ड्रायव्हरच्या सहीची सक्ती उठते. सेटअप चालवा, लाल चेतावणी येईल, "तरीही इन्स्टॉल करा". पुढच्या बूटला सगळं नेहमीसारखं चालतं, कारण बदल फक्त यादीत झालाय, मूळ ड्रायव्हर सहीचाच आहे. ड्रायव्हर अपडेट केलात की हे पुन्हा.

खाडीवारा

एवढ्या वेळात डेस्कटॉप जोडून झाला असता.

मुक्ता_नेरूळ

:) वीस मिनिटांचं काम आहे हो.

तांब्याची_पट्टी

चालू केल्यावर अंधार असेल तर घाबरू नका, बीप मोजा. डेलमध्ये सहा बीप म्हणजे व्हिडिओ कार्ड, आठ बीप म्हणजे स्क्रीन. सहा असतील तर कार्ड काढून पुन्हा बसवा, खाचेत सोनेरी कड शेवटपर्यंत सरळ गेली पाहिजे. आठ असतील तर बहुधा ऑप्टिमस बंद राहिलंय. बायोसमध्ये शिरताच येत नसेल तर जुनं कार्ड परत लावा, ऑप्टिमस चालू करा, पुन्हा नवं.

आणि कार्ड डेलचंच घ्या, एचपीचं नको. दुसऱ्या कंपनीच्या कार्डाचं तापमान डेलच्या पंखा-नियंत्रकाला नीट कळत नाही, मग पंखा एकतर झोपतो किंवा विमानासारखा ओरडतो. एचडब्ल्यूइन्फोमधून पंखा हाताने चालवता येतो, पण रोज कोण करणार.

ऐरोली_नाइटशिफ्ट

व्हीबायोस (कार्डावरचं स्वतःचं बायोस) फ्लॅश करून, म्हणजे नव्याने लिहून, एचपीचं डेल करता येत नाही?

सखाराम_सोल्डरवाला

येतं, पण आधी जीपीयू-झेडने मूळ व्हीबायोसची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा. फसलं तर सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिपवर थेट लिहायचं उपकरण) आणि क्लिप लावून परत लिहावं लागतं. तिथे चिपवरचा नंबर वाचा. १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्ट दिलेत तर चिप गेली. पहिल्याच खेपेला हे करू नका.

नौपाडा_नकाशे

सगळ्यांचे आभार. डेलचं एम२०००एम घेतलं, ७५१०मधून निघालेलं. आज पहिला ठसा घेतला. डायवर पेस्ट तीन कोपऱ्यांत व्यवस्थित, चौथा कोपरा जवळजवळ कोरडा. मेमरीवर सगळीकडे १ मिमी पॅड लावलेत. स्क्रू क्रमानेच आवळले. काय चुकलं?

सखाराम_सोल्डरवाला

कोरड्या कोपऱ्याच्या बाजूच्या मेमरी चिपवरचा पॅड काढून ०.५चा लावा. तिथे हीटसिंकचा तांबा थोडा खाली उतरलेला असतो. आणि त्या बाजूला कार्डाची केबल किंवा जुन्या पॅडचा तुकडा अडकला नाही ना, बघा. जुना पॅड भुसभुशीत होऊन तांब्याला चिकटून राहतो, नखाने खरवडलं तरच कळतो.

नौपाडा_नकाशे

जुन्या पॅडचा पापुद्राच होता, तांब्याच्या रंगात मिसळून गेलेला. तो काढला, १ मिमीच ठेवला, ठसा पूर्ण आला. ड्रायव्हर मुक्ताताईंच्या पद्धतीने दुसऱ्या प्रयत्नात बसला. पहिल्या वेळी स्ट्रिंग्जमधली ओळ राहिली होती. हॉल-किचनचा सीन ३.१ जीबी घेतो आणि पूर्ण होतो. पंखे चालू, खोलीत एसी नाही, अर्ध्या तासाच्या रेंडरला ७६ अंश.

तांब्याची_पट्टी

७६ चालेल. महिन्याभराने पुन्हा बघा. पेस्ट बाहेर पसरून आठ-दहा अंश चढले असतील तर एकदा बदलावी लागेल.

कोपरखैरणेकर

के११००एम विकणार का? सखारामच्या डब्ल्यू५४०ला शेजारी ठेवायला तरी.

सखाराम_सोल्डरवाला

विकू नका. अँटिस्टॅटिक पिशवीत, ब्रॅकेट आणि स्क्रूंसकट ठेवा. उद्या बायोस रीसेट होऊन ऑप्टिमस बंद झालं तर सेटिंगमध्ये शिरायला तेच कार्ड लागेल. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका, खाडीच्या हवेत सोनेरी कड काळी पडते.